‘ॲक्सेस डिनाइड’ नेमकं म्हणतंय कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सीएंचं ऑफिस, वीस-बावीस माणसं, एकच विंडोज सर्व्हर 2019, डोमेन लावलेलं, म्हणजे सगळ्यांची लॉगिन खाती एकाच जागी सांभाळली जातात. सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर ‘क्लायंट्स’ नावाचा फोल्डर शेअर केलाय आणि त्याच्या आत ऑडिट, टॅक्स, पगार असे फोल्डर आहेत. नव्या आर्टिकल मुलांना (सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवारांना) टॅक्समधल्या फाइली उघडता येतात, पण सेव्ह होत नाहीत. एका मुलीला ऑडिटच्या ग्रुपमध्ये टाकलं, तरी तिला ‘ॲक्सेस डिनाइड’च येतं. एका पार्टनरने स्वतःच्या फोल्डरमधून ऑडिटमध्ये आणून ठेवलेली एक एक्सेल फाइल बाकी कुणालाच उघडत नाही, शेजारच्या सगळ्या उघडतात. हार्डवेअरवाला म्हणतो, ‘एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या, विषय संपला.’ शिवाय पार्टनरांची अट आहे की पगाराचा फोल्डर आयटी बघणाऱ्यालाही दिसता कामा नये.

हार्डवेअरवाल्याचं आधी बघू, कारण ते एकदा करून बसलात तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. एव्हरीवनला फुल कंट्रोल दिल्यावर तक्रारी थांबतील, हे खरं. पण अडचण कुठे होती हे मग कधीच कळणार नाही. तो बदल करताना ‘खालच्या सगळ्या वस्तूंच्या परवानग्या बदला’ या चौकटीत टिक केली, तर पगाराच्या फोल्डरवर कुणीतरी विचार करून लावलेले निर्बंधही पुसले जातील. विंडोजमध्ये याला ‘अनडू’ नाही. दुसरं, एखाद्या मुलाने मेलमधली भलती अटॅचमेंट उघडली तर रॅन्समवेअर त्याच्याच नावाने चालतं आणि त्याला जिथे जिथे लिहायचा हक्क आहे तिथल्या फाइली कुलूपबंद करतं. फुल कंट्रोल सगळ्यांना असेल तर एका आर्टिकलच्या एका क्लिकवर सगळ्या क्लायंटांचा डेटा पणाला लागतो.

म्हणून हात लावण्याआधी आजची स्थिती जपून ठेवा. सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि ‘आयकॅकल्स’ ही कमांड क्लायंट्स फोल्डरवर ‘सेव्ह’ या पर्यायाने चालवा, सोबत ‘स्लॅश टी’ म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. परवानग्यांची पूर्ण नोंद एका फाइलमध्ये उतरते आणि काही बिघडलं तर ‘रिस्टोअर’ पर्यायाने ती परत लावता येते. ही नोंद फक्त फाइल सिस्टिमच्या परवानग्यांची असते, शेअरच्या परवानग्या त्यात येत नाहीत. त्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्या चार ओळींच्या वर नसतात.

आता मुद्दा. ‘ॲक्सेस डिनाइड’ हा निरोप एकच असला तरी तो देणारे अनेक आहेत. सर्व्हर प्रत्येक वेळी चार गोष्टी बघतो: आलेला माणूस कोण म्हणून आलाय, कुठल्या वाटेने आलाय, नेमक्या कुठल्या फाइलवर किंवा फोल्डरवर हात ठेवतोय, आणि काय करू पाहतोय. तुमच्या तिन्ही तक्रारींत यातली वेगवेगळी गोष्ट अडते आहे. म्हणून एकच औषध तिघींना लागू पडणार नाही.

उघडते पण सेव्ह होत नाही, ही तक्रार बहुधा वाटेची आहे. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन याद्यांतून जावं लागतं. पहिली शेअरची, तिच्यात तीनच पायऱ्या: रीड, चेंज आणि फुल कंट्रोल. दुसरी एनटीएफएसची, म्हणजे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘सिक्युरिटी’ टॅबमधली. दोन्हींपैकी जी कडक असेल ती चालते. सिक्युरिटी टॅबमध्ये मुलांना मॉडिफाय (वाचणं, लिहिणं आणि पुसणं) दिलंय पण शेअरवर नुसतं रीड आहे, तर हातात रीडच पडतं. आणि फोल्डरच्या ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मधून नवीन शेअर तयार केला की विंडोज स्वतःहून एव्हरीवनला रीड एवढंच देतं. सर्व्हर 2003 च्या आधी उलट होतं, एव्हरीवनला फुल कंट्रोल मिळायचं. जुन्या माणसांनी शिकवलेलं ‘शेअरकडे बघू नका, सिक्युरिटी टॅब बघा’ हे त्या काळातलं आहे.

सर्व्हरवर बसून फोल्डर उघडून बघितलं आणि सगळं चाललं, म्हणून परवानग्या बरोबर आहेत असं समजू नका. तिथे बसल्यावर डी ड्राइव्हवरून जाताना शेअरची यादी लागूच होत नाही. तपासायची चांगली जागा म्हणजे सर्व्हर मॅनेजर. तिथे शेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘परमिशन्स’, मग ‘कस्टमाइज परमिशन्स’, आणि त्यात ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ हा टॅब. त्या मुलाचं नाव निवडलं की प्रत्येक हक्कासमोर बरोबरची खूण किंवा फुली दिसते, आणि फुलीच्या पुढे ती कुणामुळे आली तेही दिसतं: शेअरमुळे की फाइलच्या परवानग्यांमुळे. बहुतेक भांडणं इथेच मिटतात, तरी हा टॅब उघडणारी माणसं फार थोडी.

शेअरवर मी स्वतः ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ना चेंज देतो आणि फुल कंट्रोल फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्सना. बरेच जण शेअरवर सर्वांना फुल कंट्रोल देऊन सगळा बंदोबस्त एनटीएफएसवर सोपवतात, तेही चालतं. पण एक फरक आहे. ज्याने फाइल तयार केली तो तिचा मालक असतो, आणि मालकाला आपल्या फाइलच्या परवानग्या बदलायचा हक्क आपोआप असतो, यादीत लिहिलेला असो वा नसो. शेअरवर चेंजच ठेवलं तर नेटवर्कवरून येणाऱ्या मालकालाही तो हक्क वापरता येत नाही. हुशार आर्टिकल ‘माझी वर्किंग्ज कुणी बघू नयेत’ म्हणून सिक्युरिटी टॅबमध्ये उचापती करतात, त्या एवढ्याने थांबतात.

शेअरवर चेंज दिलं आणि तरीही सेव्ह होत नसेल, तर एक प्रयोग करा. त्या मुलाच्याच लॉगिनने टॅक्समध्ये नोटपॅडची एक साधी फाइल तयार करा. मग तिच्यात एक ओळ घालून सेव्ह करा, नंतर नाव बदला, शेवटी पुसून टाका. चार वेगळ्या क्रिया, चार वेगळे निकाल. नोटपॅडमध्ये सेव्ह होतं, पण नाव बदलणं आणि पुसणं अडतं, असं निघालं तर कुणीतरी मॉडिफायऐवजी नुसतं रीड आणि राइट दिलंय. ‘मुलांनी चुकून काही डिलीट करू नये’ या चांगल्या हेतूनेच हे केलेलं असतं. पण वर्ड आणि एक्सेल फाइल जागच्या जागी लिहीत नाहीत. ती आधी त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल तयार करतात, मजकूर तिच्यात उतरवतात, मग जुनी बाजूला सारून तात्पुरतीला जुनीचं नाव देतात. डिलीटचा हक्क नसेल तर ही साखळी मध्येच तुटते. फोल्डरमध्ये आठ अक्षरी विचित्र नावाच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या फाइली साचलेल्या दिसल्या तर त्या या अर्धवट राहिलेल्या सेव्हच्या खुणा समजा. डिलीटपासून वाचायचं असेल तर त्याची जागा बॅकअप आणि शॅडो कॉपी (विंडोज ठेवतं त्या फाइलींच्या जुन्या प्रती). परवानग्यांनी ते साधायला गेलात की ऑफिसचं काम अडतं.

आता ती ऑडिटच्या ग्रुपमधली मुलगी. इथे प्रश्न ‘कोण’ हा आहे.

ग्रुपमध्ये नाव टाकलं की ते लगेच लागू होतं, हा समज इतका पसरलाय की अर्धे कॉल त्यातूनच येतात. माणूस लॉगिन करतो त्या क्षणी त्याच्या ग्रुपांची यादी बनते आणि ती लॉगआउटपर्यंत तशीच राहते. स्क्रीन लॉक करून परत उघडणं म्हणजे लॉगआउट नव्हे. लॅपटॉपचं झाकण लावून घरी जाणं तर नव्हेच. काही जण आठवडाभर साइन-आउट करत नाहीत आणि यादी आठवडाभर जुनीच राहते. तिला पूर्ण साइन-आउट करून परत यायला सांगा. मग तिच्याच मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूॲमआय’ ही कमांड ‘स्लॅश ग्रुप्स’ लावून चालवा. यादीत ऑडिटचा ग्रुप दिसला नाही, तर सर्व्हरवरच्या फोल्डरशी झगडण्यात अर्थ नाही, तो बिचारा बरोबरच वागतोय.

साइन-आउट करूनही ग्रुप दिसत नसेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या आणि ग्रुपांच्या नोंदवहीत, त्या ग्रुपचा प्रकार बघा. ‘सिक्युरिटी’ आणि ‘डिस्ट्रिब्युशन’ असे दोन प्रकार असतात. डिस्ट्रिब्युशन ग्रुप मेल पाठवण्यापुरता, त्यात असल्याने फोल्डरचा हक्क कधीच मिळत नाही. नाव ‘ऑडिट’ असलं तरी.

ग्रुप दिसतोय, तरी नाही? मग सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’, त्याखाली ‘सेशन्स’ उघडा आणि तिच्या मशीनवरून कुणाच्या नावाने जोडणी आलीय ते वाचा. तिथे तिच्याऐवजी त्या खुर्चीवर आधी बसणाऱ्या मुलाचं किंवा एखाद्या सामायिक लॉगिनचं नाव दिसलं तर नवल मानू नका. कधीतरी नेटवर्क ड्राइव्ह जोडताना ‘दुसऱ्या नावाने जोडा, पासवर्ड लक्षात ठेवा’ असं केलेलं असतं आणि ते क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या पासवर्डांच्या कपाटात, बसून राहतं. विंडोज एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन नावांनी जोडू देत नाही, तसा प्रयत्न केला की एरर 1219 येते. उपाय सोपा: क्रेडेन्शियल मॅनेजरमधली त्या सर्व्हरची नोंद काढा, ‘नेट यूज’ कमांडने जुन्या जोडण्या तोडा, पुन्हा साइन-इन करा.

हे सगळं ठीक असेल तर उरतं ‘डिनाय’, म्हणजे यादीत स्पष्ट लिहिलेला नकार. कुणीतरी कधीतरी ‘आर्टिकल्स’ या ग्रुपला ऑडिट फोल्डरवर डिनाय लावलेलं असणार, आणि ही मुलगी आर्टिकल्समध्येही आहे, ऑडिटमध्येही. डिनाय वरचढ ठरतं. मात्र ‘डिनाय नेहमीच जिंकतं’ हे पाठांतर अर्धंच खरं आहे. विंडोज याद्या या क्रमाने वाचतं: त्याच वस्तूवर थेट लावलेलं डिनाय, मग थेट लावलेलं अलाउ, मग वरच्या फोल्डरकडून आलेलं डिनाय, मग वरून आलेलं अलाउ. म्हणजे वरून आलेल्या डिनायला खालच्या फोल्डरवरचं थेट अलाउ मात देतं. ‘मी तर वरून डिनाय केलं होतं, तरी आतला एक फोल्डर उघडतोय’ अशा तक्रारीचं कारण हेच.

माझं मत विचाराल तर डिनाय वापरूच नका. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीत न घालणं पुरतं. डिनाय लावणारा ऑफिस सोडून जातो आणि त्याचा शोध घेणारा वेगळा असतो. एव्हरीवनला डिनाय लावलंत तर एव्हरीवनमध्ये तुम्हीही येता, एवढं तरी ध्यानात असू द्या.

तिसरी तक्रार मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात कुणाचीच चूक नसते. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये नेण्याचे दोन प्रकार आहेत आणि वापरणाऱ्याला ते सारखेच दिसतात. कॉपी केली तर नव्या जागी नवी फाइल जन्मते आणि ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. पण एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं किंवा माउसने ओढून नेलं, तर फाइल सिस्टिमच्या लेखी फाइल जागची हलतच नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. तिच्या अंगावरच्या जुन्या परवानग्या तिच्यासोबत येतात. पार्टनरच्या फोल्डरवर फक्त पार्टनरांची नावं होती, तीच या फाइलवर राहिली. म्हणून ऑडिटमधल्या शंभर फाइलींत ही एकटी रुसलेली. दुसऱ्या ड्राइव्हवरून आणली असती तर हे झालं नसतं, कारण दोन ड्राइव्हांमधलं हलवणं म्हणजे आतून कॉपी करून मूळ पुसणंच असतं.

दुरुस्ती त्या एका फाइलवरच करा. तिच्या सिक्युरिटी टॅबमधून ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जा. इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरकडून परवानग्या घेणं) बंद असेल तर ‘एनेबल इनहेरिटन्स’ दाबा, थेट लावलेल्या जुन्या ओळी काढा. किंवा आयकॅकल्स ‘रिसेट’ पर्यायाने त्या फाइलवर चालवा, मग ती ऑडिट फोल्डरच्या परवानग्या घेईल. हाच रिसेट सगळ्या झाडावर चालवायचा मोह होईल. पगार फोल्डर त्याच झाडावर आहे, विसरू नका.

असं करूनही फाइल उघडली नाही तर तीन शक्यता तपासा. एक, फाइलच्या नावावर किंवा चिन्हावर कुलूप दिसतंय का. पार्टनरने प्रॉपर्टीजमध्ये ‘एनक्रिप्ट कंटेंट्स’ची टिक केली असेल तर फाइल विंडोजच्या ईएफएस पद्धतीने कुलूपबंद झाली आहे, आणि परवानग्या कितीही बरोबर असल्या तरी बाकीच्यांना ‘ॲक्सेस डिनाइड’च येणार. ती टिक पार्टनरच्याच लॉगिनने काढावी लागेल. दोन, निरोप नीट वाचा. ‘फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे’ हा परवानगीचा प्रश्नच नाही. शेअर्ड फोल्डर्समधल्या ‘ओपन फाइल्स’मध्ये कुणाकडे उघडी आहे ते दिसतं. तिथून ती बंद करता येते, पण त्या माणसाचं न सेव्ह केलेलं काम जाईल, आधी त्याला हाक मारा. तीन, पत्त्याची लांबी. एक्सेलला फाइलच्या नावासकट पूर्ण पत्ता 218 अक्षरांपर्यंतच चालतो. ऑडिटवाल्यांना क्लायंटचं पूर्ण नाव, मग वर्ष, मग ‘फायनल’, मग ‘फायनल सुधारित’ अशी फोल्डरात फोल्डर घालायची सवय असते, ती मर्यादा सहज ओलांडली जाते आणि येणारा निरोप गोंधळात टाकतो.

जाता जाता, तुम्ही स्वतः सर्व्हरवर बसून फिरताना ‘तुम्हाला या फोल्डरची परवानगी नाही, कंटिन्यू दाबा’ अशी खिडकी येते ना, ती दाबू नका. निरुपद्रवी वाटते, पण कंटिन्यू दाबलं की विंडोज तुमचं व्यक्तिगत नाव त्या फोल्डरच्या यादीत कायमचं घालतं. दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं की पगाराच्या फोल्डरवर तुमचं नाव काय करतंय, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. ॲडमिन म्हणून बघायचंच असेल तर दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कच्या वाटेने या किंवा वरच्या हक्कांनी उघडलेला कमांड प्रॉम्प्ट वापरा.

इतकं सगळं करूनही नाही सापडलं, तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा सर्व्हरलाच विचारा. विंडोजच्या ऑडिट पॉलिसीमध्ये (कशाकशाची नोंद ठेवायची ते तिथे ठरतं) ‘डिटेल्ड फाइल शेअर’ हा प्रकार फक्त फेल्युअरसाठी चालू करा. मग त्या मुलीला एकदा प्रयत्न करायला सांगा आणि सिक्युरिटी लॉगमध्ये 5145 क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यात नाव, मशीनचा पत्ता, शेअर, फाइल, मागितलेला हक्क आणि तो कशामुळे मिळाला नाही, हे लिहिलेलं असतं. मात्र ही फेल्युअरची नोंद शेअरच्या पातळीवर नकार मिळाला तरच होते, एनटीएफएसवर अडलं तर येत नाही. लॉगिनच फसत असेल तर नोंद 4625 ची असते. काम झालं की ही नोंद ठेवणं बंद करा, सक्सेससाठीही चालू ठेवलंत तर लॉग काही तासांत वाहून जाईल.

तक्रारी मिटल्यावर मांडणी बदला, नाहीतर दर भरतीला हेच. सिक्युरिटी टॅबमध्ये माणसांची नावं नकोत, फक्त ग्रुप. प्रत्येक मुख्य फोल्डरला दोन ग्रुप करा, ‘टॅक्स बदल’ आणि ‘टॅक्स वाचन’ असे. त्यांच्या आत विभागांचे ग्रुप घाला आणि माणसं विभागांच्या ग्रुपमध्ये. तुमच्या धंद्यात तर हे जास्तच गरजेचं, कारण जुलै 2023 पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, म्हणजे मुलं आता आणखी लवकर बदलणार. थेट नावं घातलेल्या फोल्डरांवर गेलेल्या मुलांची खाती पुसल्यावर ‘एस-1-5-21’ने सुरू होणारे लांबलचक आकडे उरतात. ते निरुपद्रवी असतात, पण त्या गर्दीत खरी ओळ हरवते.

परवानग्या क्लायंट्सच्या लगेच खालच्या पातळीवर, म्हणजे ऑडिट, टॅक्स, पगार यांच्यावर वेगळ्या करा, त्याखाली कुठेही नको. ‘या क्लायंटचा फोल्डर फक्त या दोघांना’ अशी मागणी येईल. तसे फोल्डर एका वेगळ्या मुख्य फोल्डरात काढा. क्लायंट्स फोल्डरवर ‘धिस फोल्डर ओन्ली’ असं निवडून सर्वांना फक्त वाचायचा हक्क द्या, म्हणजे तो खाली झिरपणार नाही. शेअरवर ‘ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन’ चालू केलंत तर ज्याला जो फोल्डर उघडता येत नाही तो त्याला दिसणारच नाही. ‘पगार’ नावाचा फोल्डर डोळ्यांसमोर नसला की त्यावर डबल-क्लिक करून बघणारेही कमी होतात.

तुमच्याकडे डोमेन आहे म्हणून काही दुखणी तुम्हाला नाहीत, पण तालुक्याच्या गावी साधाच पीसी ‘सर्व्हर’ म्हणून ठेवलेली ऑफिसं पुष्कळ, त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथे परवानग्या तपासण्याआधी हे बघा. पासवर्ड नसलेल्या खात्याने विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, त्यामुळे ‘पासवर्ड रिकामा सोडा’ हा सल्ला चालत नाही. लॉगिनचा पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. साध्या विंडोज 10 किंवा 11 ला एका वेळी वीसच जोडण्या चालतात, एकविसावा बाहेर राहतो आणि तो परवानगीला दोष देतो. आणि विंडोज 11 ची 24एच2 ही आवृत्ती प्रो मशीनवर आली की पाहुणा म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, जुन्या नॅस डब्यात (नेटवर्कवर फाइली ठेवायच्या छोट्या पेटीत) शिरणं बंद होतं. शिवाय ती प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही मागते. काल चालत होतं आणि अपडेटनंतर आज नाही, असं असेल तर नॅसवर नावं आणि पासवर्ड तयार करा. मशीनवरची सुरक्षा सैल करू नका.

जुन्या झेरॉक्स मशीनवरून स्कॅन फोल्डरात येईनासं झालं, हीही याच घराण्यातली तक्रार. ती मशीनं बऱ्याचदा एसएमबीची (विंडोज फाइली शेअर करतं त्या भाषेची) पहिली आवृत्तीच बोलतात आणि 2017 पासून विंडोज ती सुरुवातीपासून बंद ठेवतं. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर जो धुमाकूळ घातला तो याच आवृत्तीतल्या भोकातून. स्कॅनसाठी ती परत चालू करू नका. मशीनमध्ये मेलवर स्कॅन पाठवायची सोय असते किंवा कंपनीचं फर्मवेअर अपडेट मिळतं, ते बघा.

राहिली पार्टनरांची अट. ती परवानग्यांनी पुरी होत नाही, आणि हे त्यांना आत्ताच स्पष्ट सांगा. पगार फोल्डरच्या यादीतून ॲडमिनिस्ट्रेटर्सचं नाव काढलं तरी ॲडमिनला मालकी घेता येते आणि मालकाला यादी बदलता येते. बॅकअपचं सॉफ्टवेअर तर याद्या ओलांडूनच वाचतं, ते वाचलं नाही तर बॅकअपच होणार नाही. यादीतून स्वतःचं नाव जरूर काढा, म्हणजे निदान चुकून उघडणार नाही. त्या फोल्डरवर ऑडिटिंग लावलं तर कुणी मालकी घेतली किंवा फाइल उघडली याची नोंद सिक्युरिटी लॉगमध्ये राहील. पण तो लॉगही ॲडमिनच्याच हातात असतो. खरोखर दिसायलाच नको असेल तर पगाराच्या एक्सेल फाइलला ‘एनक्रिप्ट विथ पासवर्ड’ लावून तो पासवर्ड पार्टनरांनीच ठेवावा. एक्सेल 2007 पासूनच्या नव्या स्वरूपातल्या फाइलींत ते खरंखुरं एनक्रिप्शन असतं. शीट प्रोटेक्ट करणं म्हणजे ते नव्हे. पासवर्ड दोन पार्टनरांकडे असू द्या आणि एका बंद पाकिटात ऑफिसच्या तिजोरीत, कारण तो हरवला तर तुम्हीही ती फाइल उघडून देऊ शकणार नाही.